ग्रनाडाला गेलेले देव

मी जात्याच भित्री आहे. विमान उडताना दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसते, जणू माझ्या धरण्यावरच ते वर राहिलंय. लिफ्ट मध्येच अडकली तर, म्हणून पर्समध्ये पाण्याची बाटली ठेवते. घरचे यावरून माझी टिंगल करतात आणि मी करू देते. पण मंदी आली त्या दोन हजार आठच्या हिवाळ्यात आणि त्यापुढच्या वर्षभरात दुबईत जो भ्याला नाही, असा माणूस मला आणून दाखवा. तेव्हा सगळे माझ्याच पंगतीला येऊन बसले होते.

आम्ही अल बर्शाला राहायचो. नवरा एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर, मुलगी पाचवीत, आणि मी घर सांभाळणारी. आमच्या गॅलरीतून क्रेनी दिसायच्या. काम चालू नसलं की क्रेनचा लांब हात वाऱ्यावर मोकळा सोडतात, नाहीतर वादळात ती कोसळेल, हे मला नवऱ्यानं सांगितलं होतं. आधी त्या क्रेनी चार दिशांना चार तोंडं करून वावरायच्या. त्या हिवाळ्यात एका सकाळी चहा घेताना पाहिलं तर सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. वारा जिकडे नेईल तिकडे. तेव्हापासून मी गॅलरीत चहा घेणं सोडलं.

नवऱ्याची कंपनी शहराबाहेर व्हिला बांधत होती. ‘अँडलुशियन’ व्हिला म्हणायचे त्यांना. मधोमध चौक, चौकात कारंजं, कारंज्याभोवती बारा सिंह आणि भिंतींवर जाळीदार नक्षी. मूळ वास्तू स्पेनमधल्या ग्रनाडा गावातली, अल्हम्ब्रा नावाचा राजवाडा. आमचे सिंह फायबरचे आणि नक्षी साच्यातून काढलेली, पण नवऱ्याच्या बॉसला त्याचं फार वेड. बॉस सीरियाचा होता, आर्किटेक्ट. चांगल्या दिवसांत तो सगळ्यांना म्हणायचा, “हबीबी, नक्कल करताय तर एकदा अस्सल बघून या.” नवऱ्यानं ते मनावर घेतलं. उन्हाळ्यातच मार्चच्या सुट्टीची तिकिटं काढली, हॉटेल ठरलं, व्हिसेही मिळाले. आणि मग हिवाळा आला, व्हिलांचं काम थांबलं, अर्ध्या भिंतींपर्यंत वाळू चढली.

त्या दिवसांत कुणी रजा घेत नसे. रजेवर गेलेल्या माणसाची खुर्ची परतेपर्यंत राहीलच याची खात्री नव्हती. नवऱ्याच्या खात्यातले दोघं तर रजेवर जातो म्हणून गेले ते गेलेच. गाड्या विमानतळाच्या पार्किंगमध्ये ठेवून आणि किल्ल्या आतच सोडून. अशा माणसांबद्दल कंपनी सरकारकडे तक्रार करायची की हा पळाला. त्याला सगळे ‘अबस्कॉन्डिंग’ म्हणायचे. मराठी बायकाही भाजी निवडताना तो शब्द कढीपत्त्यासारखा सहज उच्चारायच्या. ती तक्रार एकदा झाली की व्हिसा खलास. मग तुम्ही खरोखर परत आलात तरी विमानतळावरच अडवणार.

“आपण नको जायला,” मी म्हटलं.

“पैसे परत मिळणार नाहीत,” नवरा म्हणाला. “आणि न जाऊन काय, इथं बसून राहिलो म्हणजे काढणार नाहीत का?”

तो रजेचा अर्ज घेऊन गेला. बॉसनं मान वर न करता सही केली आणि म्हणाला, “गो, गो. टेक रेस्ट.” आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे, ते काढून दिले. ते हातात घेऊन नवरा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. बॉस ओरडला असता तर बरं वाटलं असतं, म्हणाला.

आता समोरच्या वहिनींबद्दल सांगायला हवं. आमच्याच मजल्यावर, दार उघडलं की समोर त्यांचं दार. त्या डोंबिवलीच्या. त्यांचे मिस्टर माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत, खरेदी विभागात. आम्ही एकमेकींना वहिनीच म्हणायचो. विरजण संपलं, कढई मोठी हवी, पाहुणे आले तर खुर्च्या हव्यात, सगळं त्या दोन दारांमध्ये मिटायचं. आणि देवांचं. सुट्टीत कुणी गावी गेलं की आपले देव तबकात घालून दुसरीकडे ठेवून जायचं. माझ्याकडे सासूबाईंनी पुण्याहून निघताना दिलेले पितळी गणपती, अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. त्यांच्याकडे जवळजवळ तेच, फक्त बाळकृष्ण अंगानं जरा गुटगुटीत. दर जूनला त्यांचे देव माझ्याकडे यायचे, जुलैत माझे त्यांच्याकडे. देव उपाशी राहता कामा नयेत, एवढाच त्यातला विचार.

ग्रनाडाला निघायच्या दिवशी मी त्यांच्याकडे किल्ली दिली, तुळशीला पाणी घाला म्हटलं, आणि देव संध्याकाळी आणून देते असंही म्हटलं. बॅगा खाली गेल्या, टॅक्सी आली. मी तबक काढलं, गणपती उचलला आणि तसाच हातात धरून थांबले. परत यायला मिळालंच नाही तर? समजा विमानतळावरूनच उलट पाठवलं, थेट मुंबईला, तर माझे देव इथं राहतील, मी तिथं, आणि मधे हे सगळे सरकारी दरवाजे. मी दुसरा विचार केलाच नाही. खणाच्या कापडात थोडे तांदूळ घेतले, त्यात तिघांना गुंडाळलं आणि पर्समध्ये घातलं. वहिनींना सांगायला गेले असते, पण त्या मुलाला क्लासला सोडायला गेल्या होत्या आणि खालून नवरा हॉर्न वाजवायला लावत होता. मी नेले. आज तशीच वेळ आली तर आजही नेईन.

विमानतळावर तपासणीच्या यंत्रात बाळकृष्ण रांगताना स्पष्ट दिसला. पर्स उघडायला लावली. काळी अबाया घातलेल्या पोलीस बाईनं तो दोन बोटांत धरून वर उचलला. तेव्हा कुठं नवऱ्याला कळलं की देव आपल्याबरोबर आहेत. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि म्हणाला, “शोपीस, मॅडम. शोपीस.” बाईनं हसून तो परत दिला. मी मात्र गेटपर्यंत नवऱ्याशी बोलले नाही. सासूबाईंनी दिलेल्या बाळकृष्णाला शोपीस म्हणणारा हा माणूस देवासमोर दिवाळीत लाडू मागतो.

ग्रनाडा सुंदर आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी ते भीतीनं अर्धवटच पाहिलं. डोंगरावर बर्फ, खाली उन्हात चमकणारी पांढरी घरं, दगडगोट्यांच्या चढत्या गल्ल्या, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांनी लगडलेली झाडं. कुणी तोडत नाही म्हणून मुलीनं एक तोडलं आणि चावलं. ते इतकं आंबट की तिचा सगळा चेहरा गोळा झाला. चर्चबाहेर एका बाईनं माझ्या हातात कसल्याशा सुवासिक पाल्याची काडी कोंबली, माझा तळवा उलटा केला आणि त्याकडे बघून स्पॅनिशमध्ये खूप काही सांगितलं. मधे एकदा मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण मला खात्रीच पटली की नोकरी गेली. मी हात सोडवून जवळजवळ पळालेच. हॉटेलात आल्यावर ती काडी बाळकृष्णाला वाहिली, तुळस नव्हती म्हणून.

देव खिडकीजवळच्या टेबलावर होते. सकाळी काचेच्या पेल्यात त्यांना आंघोळ घालायचे, हॉटेलच्या हातरुमालानं पुसायचे, नाश्त्याच्या टेबलावरची साखरेची पुडी नैवेद्याला. नवरा फोन हातात घेऊन खिडकीत उभा असायचा. काही आलं नाही म्हणजे बरं, असं तो म्हणायचा, आणि काहीच कसं आलं नाही, असंही तोच म्हणायचा. मुलगी मात्र मजेत होती. तिच्या शाळेत अरबी सक्तीचं, त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवर, जुन्या दारांवर अरबी दिसलं की ती उभी राहून अक्षरं लावत बसायची. मी तिला यल्ला यल्ला करत पुढे ढकलायचे.

अल्हम्ब्राला गेलो तो गुरुवार होता. वार सांगायचं कारण असं की तेव्हा आमच्याकडे आठवडा गुरुवारी संपायचा. शुक्र-शनि सुट्टी, रविवारी ऑफिस. आणि रविवारी आम्ही परतीच्या प्रवासात असणार होतो.

आमच्याबरोबर एक गाइड बाई होती, नारिंगी छत्री उंच धरून चालणारी. तिचं इंग्रजी आमच्यासारखंच, त्यामुळे सगळं समजत होतं. नवरा पहिल्या दालनात शिरला आणि थबकलाच. भिंतीवर खालपासून वरपर्यंत नक्षी, मेणाची वाटावी इतकी बारीक. तो हात मागे बांधून अगदी जवळ गेला. “हे हातानं केलंय,” मला म्हणाला. “आपण साच्यात ओततो. बघ, इथं दोन पानं सारखी नाहीत.” किती महिन्यांनी त्याचा आवाज नोकरीतल्या माणसासारखा लागला. मुलगी एका ओळीवर बोट न टेकवता बोट फिरवत होती. “मम्मा, इट सेज अल्लाह. हिअर ऑल्सो. एव्हरीव्हेअर!” शेजारी उभा असलेला रखवालदार तिच्याकडे बघून हसला. मलाही बरं वाटलं. क्षणभर मी क्रेनी विसरले.

मग गाइड बाईनं शेवटच्या सुलतानाची गोष्ट सांगितली. शहर हरल्यावर त्यानं किल्ल्या कशा दिल्या, डोंगराच्या वळणावर थांबून मागे वळून कसा रडला. आणि त्याच्यामागे जी साधी माणसं गेली त्यांनी म्हणे घरांना कुलपं लावली आणि किल्ल्या बरोबर नेल्या, परत यायचं म्हणून. सगळे जण “ओह” म्हणाले आणि फोटो काढू लागले. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला, घराच्या किल्लीवर. किल्ली होती. तिच्याजवळच फोन थरथरत होता.

वहिनींचा मेसेज होता. इंग्रजी अक्षरांतलं मराठी: “वहिनी, तुळशीला पाणी घालायला रोज मुलाला पाठवायचे, काल मी गेले होते. देवघर रिकामं आहे. देव घेऊन गेलात? जाताना एका शब्दानं सांगायचं तरी. ह्यांच्या तोंडून ऑफिसमध्ये गेलं. तिकडे तुम्ही कायमचे गेलात म्हणतायत.”

मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली. मग नवऱ्याच्या हातात फोन दिला.

तो एका खांबाला टेकला. मला वाटलं ओरडेल, पण तो स्वतःचा फोन शोधायला लागला. त्यानं वहिनींच्या मिस्टरांना फोन लावला. ते दबक्या आवाजात बोलत होते, बहुतेक जिन्यात उभे असावेत. मी कान लावून ऐकत होते.

“अरे, मी फक्त एकाला बोललो रे. ही घरी येऊन रडायला लागली, देव नेले म्हणून. मला वाटलं तुम्ही निघूनच गेलात. मी चहा पिताना सहज म्हटलं. अर्ध्या तासात बॉसच्या केबिनमध्ये. एचआरला सांगितलंय, आजच अबस्कॉन्डिंगचं करून टाका म्हणून. आधीच्या दोघांनी त्याला तोंडघशी पाडलंय ना, तो आता थांबणार नाही.”

“तू सांग ना त्याला, आम्ही स्पेनला आलोय!”

“सांगितलं. तो म्हणतो, सगळे स्पेनलाच जातात.”

दुबईची वेळ आमच्या पुढे, तिथं ऑफिस सुटायला आलं होतं. आज कागद गेला तर उद्या-परवा कुणाला फोन करणार, सगळं बंद. रविवारी आम्ही विमानात. आणि उतरल्यावर काचेमागचा माणूस आमचा पासपोर्ट बाजूला ठेवणार. डोळ्यांसमोर मुलीची शाळेची बॅग आली, घरातल्या दारामागे टांगलेली. माझं सगळं घर त्या एका बॅगेत दिसायला लागलं. आणि हे सगळं का, तर माझ्या पर्समध्ये दोन बोटांएवढा बाळकृष्ण आहे म्हणून. त्या सीरियन माणसाला देवघर म्हणजे काय हेही ठाऊक नसेल.

नवऱ्यानं बॉसला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. छत्री पुढे सरकत होती, आमच्यामागचे लोक आम्हाला ढकलत होते, आणि आम्ही तसेच ढकलले जाऊन एका चौकात येऊन पोचलो. नाजूक खांबांची रांग चारही बाजूंना. तोच तो चौक, ज्याची नक्कल आमच्या वाळूत अर्धवट उभी होती. सिंहांचा चौक. फक्त सिंह नव्हते. मधोमध एक मोठं खोकं, फळ्यांनी बंद केलेलं, आणि आसपास दुरुस्तीचं सामान. गाइड बाई माफी मागत होती. सिंह दुरुस्तीला नेलेत, काही वर्षं लागतील.

तेवढ्यात बॉसनं फोन उचलला.

नवरा “सर, सर” करत राहिला. पलीकडून आवाज शांत होता, आणि तो शांत आवाज मला जास्त भीतीदायक वाटला.

“व्हेअर आर यू, हबीबी? इंडिया?”

“नो सर. ग्रनाडा. अल्हम्ब्रा. आय ॲम स्टँडिंग इन्साइड, सर.”

“इन्साइड,” तो म्हणाला. “गुड. देन टेल मी, हाऊ आर द लायन्स?”

मी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. छान आहेत म्हण, कुजबुजले, फार सुंदर आहेत म्हण! मला तेव्हा एवढंच कळत होतं की साहेबाला खूश करायचं. खोकं बघायला ही माणसं इतक्या लांबून आली, हे सांगायची ही वेळ होती का? नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खोक्याकडे. त्याच्या कपाळावर घाम होता आणि मार्चमध्ये तिथं चांगलीच थंडी होती.

“सर,” तो म्हणाला, “देअर आर नो लायन्स.”

मी डोळे मिटून घेतले.

“देअर इज अ बॉक्स, सर. लायन्स आर गॉन फॉर रिपेअर.”

आणि मग तो माणूस हसायला लागला. इतका वेळ हसला की नवऱ्याला फोन कानापासून दूर धरावा लागला. आमच्या फायबरच्या सिंहांसाठी त्यानं अस्सल सिंहांची मापं मागवली होती, तेव्हा त्याला हेच उत्तर मिळालं होतं. सिंह नाहीत हे त्याला ठाऊक होतं. मुंबईत बसून गूगलवरचे फोटो बघणाऱ्यानं सिंहांचं गुणगान केलं असतं. माझ्या चिमट्याचं ऐकलं असतं तर त्याच क्षणी आमचा कागद गेला असता. “मंडे मॉर्निंग, युअर डेस्क,” तो म्हणाला. “इन्शाल्ला.”

नवरा तिथंच एका पायरीवर बसला. मी पण बसले. मुलीनं विचारलं काय झालं, तर नवऱ्यानं खोक्याकडे बोट केलं. तिनं खोक्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “इट्स ओके, मम्मा. आवर लायन्स आर देअर. कॅन वी गो होम नाऊ?” होम म्हणजे तिच्यासाठी अल बर्शा. दुसरं घर तिला माहीतच नव्हतं.

तरी त्या ‘इन्शाल्ला’वर माझा विश्वास बसला नाही. तो शब्द हो म्हणायला वापरतात तसा नाही म्हणायलाही वापरतात. परतीच्या विमानात मी खुर्ची धरली ती सोडलीच नाही. दुबईला पासपोर्टच्या खिडकीत पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला तरुण मुलगा होता. त्यानं नवऱ्याचा पासपोर्ट उघडला, टाइप केलं, थांबला, परत टाइप केलं, शेजारच्याला काहीतरी विचारलं. मी पर्समध्ये हात घालून खणाची गाठ धरून उभी होते. मग शिक्का वाजला. पुढे माझा. मग मुलीचा. तिला तो “वेलकम होम” म्हणाला आणि मला तिथं सगळ्यांदेखत रडू फुटलं.

वहिनी दारातच होत्या. पिठलं-भात करून ठेवला होता. आधी जेवू घातलं, मग रागावल्या.

“असे पिशवीत घालून देव नेतात का, वहिनी? मी किल्ली फिरवून आत गेले, रिकामं देवघर बघितलं आणि तिथंच खाली बसले. बाई घर कायमचं सोडते तेव्हाच देव उचलते. माझं तर डोकंच चालेना. म्हटलं, इतकी वर्षं समोरासमोर राहिलो आणि मला न सांगता गेल्या.”

“घाबरून नेले हो,” मी म्हटलं.

“घाबरत तर मीही असते,” त्या म्हणाल्या. “पण मी नाही असे नेणार.” आणि त्यांच्या मिस्टरांनी माझ्या नवऱ्याची माफी मागितली, आणि त्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि विषय संपला. पुढे महिनाभर आमच्या इमारतीत ही गोष्ट रंगवून सांगितली गेली. देव नेले म्हणजे माणूस गेला, हे ऑफिसातल्या केरळी, पाकिस्तानी, फिलिपिनो लोकांनाही पाठ झालं.

जूनमध्ये वहिनी गावी निघाल्या. या वेळी मिस्टरही बरोबर, कारण काम नसल्यामुळे कंपनीनं त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत बिनपगारी रजा दिली होती. नेहमीसारख्या तबक घेऊन आल्या. गणपती, अन्नपूर्णा आणि तो गुटगुटीत बाळकृष्ण. नव्या लाल कापडावर मांडलेले. “बघा,” हसत म्हणाल्या, “मी कशी नीट ठेवून चाललेय. तुमच्यासारखी नाही.” मीही हसले. मग पाण्याचं सांगितलं. तिथं उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की नळाचं थंड पाणीही हात भाजेल असं येतं. आंघोळीसाठीसुद्धा बादली आदल्या दिवशी भरून ठेवावी लागते. “यांच्यासाठी तांब्या आदल्या दिवशीच भरून ठेवा हं. बाळाला चटका बसेल.” मी हो म्हटलं. त्या लिफ्टपर्यंत गेल्या आणि परत आल्या. “तांब्याचं विसरणार नाही ना?” नाही विसरणार, म्हटलं, जा आता, टॅक्सीचा मीटर पळतोय. त्यांनी तबकाला हात लावून नमस्कार केला आणि गेल्या.

ऑगस्ट संपत आला. शाळा उघडायची वेळ झाली. एक दिवस नवरा ऑफिसातून आला आणि बूट न काढताच म्हणाला, “समोरचे परत कधी येणार सांगितलंय का तुला? तो आज रुजू व्हायला हवा होता. फोन बंद लागतोय. ऑफिसमध्ये पळाला म्हणून कुजबुज चाललीय.”

मला त्या लोकांचा रागच आला. “एकदा तोंड पोळलं तरी अक्कल येत नाही का यांना? येणार म्हणजे येणारच. देव माझ्याकडे आहेत तिचे.”

नवऱ्यालाही हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बॉसला तसंच सांगितलं. बॉसलाही ती खूण आता कळत होती. त्यानं मान डोलावली आणि थांबायचं ठरवलं. माझ्या शब्दावर थांबले ते सगळे. मी रोज सकाळी दोन्ही बाळकृष्णांना आंघोळ घालत होते आणि समोरच्या दाराची चाहूल घेत होते.

मग एके दिवशी इमारतीचा वॉचमन आणि घरमालकाचा माणूस दार उघडायला आले. बँकेचं कर्ज थकलं होतं, असं तो माणूस म्हणाला, आणि तिथं थकलेल्या कर्जाला तुरुंग असतो. ओळखीची म्हणून मला बोलावलं. आत सगळं होतं आणि काहीच नव्हतं. सोफा, टीव्ही, पडदे जागच्या जागी. कपाटं उघडली तर रिकामी. मुलाचे भिंतीवरचे फोटो नव्हते. खिळे तेवढे होते. स्वयंपाकघरात ओटा घासून पुसून लख्ख केलेला, आणि कोपऱ्यात छोटं लाकडी देवघर, रिकामं. ते रिकामं असणारच होतं. देव माझ्याकडेच होते. मी त्या देवघरासमोर उभी राहिले आणि मग मला समजलं की त्या जूनमध्ये माझ्याकडे तबक का आलं. सगळ्यांना पाठ झालं होतं ना, देव ठेवून गेलेली बाई परत येते म्हणून. कुणी शंका घेऊ नये, विमानतळावर पोचेपर्यंत कुणी बँकेला फोन करू नये, म्हणून तिनं ते ठेवले.

मी घरी आले आणि दार लावून घेतलं. मला राग यायला हवा होता. मी तिच्यासाठी शब्द दिला होता. पण मला राग आला नाही, मला भीती वाटली, ग्रनाडापेक्षा जास्त. मी घाबरले तेव्हा देव उचलून छातीशी धरले होते. तिला किती भीती वाटली असेल, की तिनं ते ठेवले आणि हसत निघून गेली.

वर्षभरानं एका अनोळखी भारतीय नंबरवरून फोन आला. मी उचलला. पलीकडे कुणी बोलेना, फक्त श्वास.

“वहिनी?” मी म्हटलं.

मग अगदी हळू आवाजात: “तांब्या आदल्या दिवशी भरून ठेवता ना?”

“ठेवते,” मी म्हटलं. “रोज.”

फोन बंद झाला. तो नंबर परत कधी लागला नाही.

आता आम्ही अबुधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. मुलगी नोकरीला लागली. देवघर मोठं करून घेतलं, कारण दोन गणपती, दोन अन्नपूर्णा आणि दोन बाळकृष्ण मावायचे होते. आम्ही कुठं गेलो तर देव शेजारी ठेवत नाही, सगळे बरोबर नेतो. लोक काय समजायचं ते समजोत. मात्र उन्हाळ्यात आंघोळीचं पाणी मी अजूनही आदल्या दिवशीच भरून ठेवते, आणि तिच्या बाळाला आधी घालते.